वाऱ्याची बाही

दुहेरीमावशीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारा आता एकच माणूस उरला होता, तिचा नवरा, आणि तोसुद्धा फक्त भांडणात. बाकी सगळ्यांची ती दुहेरीमावशी. पस्तीस वर्षं तिनं शिवणकामाचं दुकान चालवलं आणि पस्तीस वर्षांत एकेरी टीप म्हणून तिच्या हातून गेली नाही. उशीचा अभ्रा असो नाहीतर लग्नाचा झगा, शिवण दोनदा, कडा आत दुमडलेली, आणि कापडाला गरज असो वा नसो, अस्तर हे लागणारच. एकदा एकानं स्वयंपाकघरात बांधायचा साधा एप्रन शिवायला टाकला, तर बाईनं त्यालाही अस्तर लावलं. तो म्हणाला, अहो, याला आतून कोण बघणार आहे? मावशीनं चष्म्यावरून त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचारा मुकाट्यानं एप्रन घेऊन गेला. त्याला आता अकरा वर्षं झाली, एप्रन अजून चालू आहे.

बाई कामाला चोख होती, यात वादच नाही. फक्त आपण चोख आहोत हे तिला जरा जास्तच माहीत होतं.

दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. शिवणयंत्र मात्र तिनं मागच्या खिडकीशी ठेवलं होतं, कारण उजेड तिकडून यायचा. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायची दोरी, दोरीपलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे विमानांचं मैदान. मैदान म्हणजे फार काही नव्हे. कापलेल्या गवताची एक लांब पट्टी, पट्टीच्या टोकाला उंच झाडांची रांग, चार छोटी विमानं उभी करायची एक पत्र्याची शेड आणि शेजारी कॅप्टनची कचेरी. कॅप्टन म्हणजे सत्तरी ओलांडलेला जुना वैमानिक. तो इथं हौशी लोकांना विमान चालवायला शिकवायचा. पस्तीस वर्षं पाय यंत्रावर आणि नजर खिडकीबाहेर ठेवून मावशीनं इतकी विमानं उतरताना पाहिली होती की चाकं टेकली की ती मान न वळवता सांगायची, हा नवशिका आहे, हा घाईत आहे, आणि हा आज घरून भांडून आलाय. स्वतः मात्र ती कधी शिडीच्या चौथ्या पायरीवर चढली नव्हती. पडद्याचं माप घ्यायचं झालं तर नवऱ्याला चढवायची आणि खालून ओरडायची.

एके दिवशी कॅप्टन काखेत एक चिंधी मारून दुकानात आला. मैदानाच्या कडेला उंच खांबावर एक कापडी नळी लावलेली असते. एका बाजूला रुंद, दुसरीकडे निमुळती. वारा असला की ती भरते आणि आडवी होते. वारा नसला की लोंबते. वैमानिक वरून ती बघतो, वारा कुठून आहे नि किती आहे ते ओळखतो, आणि त्या हिशोबानं उतरतो. तिला तिकडे काय म्हणतात ते कॅप्टननं सांगितलं, पण मावशीनं ते कानाआड केलं. रुंद तोंड, निमुळतं टोक, मधे शिवण. ही तर बाही झाली. तेव्हापासून ती बाहीच.

जुनी बाही फाटून तिची पार रया गेली होती. कॅप्टन म्हणाला, अगदी अश्शीच दुसरी हवी, फरक नको. मावशीनं ती उलटी करून आत पाहिलं आणि तिला शिसारीच आली. एकेरी टीप, उघड्या कडा, धागे लोंबताहेत. एवढ्या उंचावर, सगळ्या जगाला दिसेल असं टांगायचं आणि आतून हा कारभार. तिनं मान हलवली, कॅप्टनला वाटलं ती हो म्हणाली. मावशीनं मनात ठरवलं होतं ते वेगळंच.

चार दिवस तिनं दुसरं काम हातात घेतलं नाही. बाहेरून केशरी-पांढरं हलकं कापड, तेवढं कॅप्टननं दिलं होतं. आतून मात्र तिनं स्वतःच्या पेटीतलं मऊ सुती अस्तर लावलं, इतकं बेमालूम की बाही उलटी केली तरी सुलट वाटावी. पंख्यासमोर धरली तर ऐटीत आडवी उभी राहिली. कॅप्टननं हात आत घालून पाहिला, जरा विचारात पडल्यासारखा झाला, पण बाई समोर अशा चेहऱ्यानं बसली होती की त्यानं छान आहे म्हटलं आणि नेली. खांबावर बाही चढली त्या दिवशी मावशीनं प्रत्येक गिऱ्हाइकाला हाताला धरून मागच्या खिडकीशी नेलं. चेन बदलायला आलेल्यांनासुद्धा सोडलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी आठाच्या सुमाराला एक विमान खाली येऊ लागलं. मावशीनं आवाजावरून ओळखलं, औषधवाली. ही एक पंचविशीची मुलगी, दिवसभर दवाखान्यात औषधं द्यायची आणि कामावर जाण्याआधी सकाळी लवकर येऊन विमान उडवायची. इतक्या सकाळी येणारी ती एकटीच. तिची आता शेवटची परीक्षा राहिली होती. ती पास झाली की डोंगरापलीकडच्या वस्त्यांना औषधं पोचवणाऱ्या विमानावर तिला घेणार होते. पत्र येऊन पडलं होतं. तिच्या जाकिटाला चार जादा खिसे मावशीनंच लावून दिले होते, अर्थातच अस्तरासकट.

मावशीच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून पुढे जे झालं ते तिनं तोंडातून चकार शब्द न काढता पाहिलं. विमान सरळ, शांत खाली येत होतं. झाडांच्या रांगेपाशी आलं आणि बाजूनं कुणी धक्का दिल्यासारखं एकदम सरकलं. एक पंख खाली गेला. तो सावरला तर दुसरा गेला. नाक वर, मग खाली, मग भलतीकडेच. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि बसला. एक चाक टेकलं, विमान उसळलं, आडवं फिरलं आणि पट्टी सोडून शेजारच्या कोबीच्या शेतात घुसलं. मग सगळं थांबलं.

मावशीनं टाचण्या थुंकल्या आणि धावली. गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, पायात एकच चप्पल. रस्ता कधी ओलांडला ते तिला कळलंही नाही. शेडमधून विमानं दुरुस्त करणारा मिस्त्रीही धावला; तो इतका वेळ दुसऱ्या विमानाच्या इंजिनात डोकं घालून बसला होता. दोघं पोचतात तो विमानाचं दार उघडलं आणि औषधवाली स्वतःच्या पायांनी खाली उतरली. अंगावर साधा ओरखडा नव्हता, केसांत तेवढं कोबीचं पान होतं. मावशीनं तिला आधी कवटाळलं, मग चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, मग जाकिटाच्या शिवणी तपासल्या. एकही उसवली नव्हती. मावशीच्या जिवात जीव आला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. कॅप्टन साडेनऊला येऊन पोचला, चाक वाकलेलं पाहिलं, आणि मुलीला एवढंच विचारलं की बाजूचा वारा असताना वाऱ्याकडे पंख न झुकवता तू सरळ कशी आलीस. ती म्हणाली, वारा नव्हताच, बाही लोंबत होती. सगळ्यांनी माना वर केल्या. बाही खांबावर ताठ आडवी, वाऱ्यानं भरलेली. मिस्त्रीनं मान खाली घातली. कॅप्टनचा चेहरा कठोर झाला. चूक होते, चुकीला माफी असते. पण उतरताना बाहीकडे बघायचंच विसरायचं आणि वर खोटं सांगायचं, हे त्याच्या पचनी पडलं नाही. परीक्षेच्या कागदावर त्याची सही लागायची, आणि परीक्षा दोन दिवसांवर होती. त्यानं सही करणार नाही म्हणून सांगितलं. डोंगरापलीकडचं विमान कुणासाठी थांबून राहणार नव्हतं.

आता मावशीनं मुलीची बाजू घ्यायला हवी होती ना? नाही घेतली. खरं सांगायचं तर तिला रागच आला. माझी बाही लोंबत होती म्हणे! घरी येऊन तिनं नवऱ्यापुढे दिवसभर तोंडाचा पट्टा चालवला. पोरगी चांगली आहे, पण स्वतःची चूक झाकायला दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवायचं म्हणजे काय? नवरा निवृत्त पोस्टमन. लोकांच्या दारात उभं राहून निमूट ऐकून घ्यायची त्याला जन्माची सवय. तो हं हं करत राहिला आणि ऐकण्याच्या नादात दोरीवरचा आपला कोट आत आणायला विसरला.

नवऱ्याचं हे विसरणं म्हणजे संसारातली कायमची कटकट होती. पण त्या विसरण्यानंच पुढचं सगळं घडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कोट काढायला मावशी मागच्या अंगणात गेली. वारा चांगला सुटला होता, दोरीवरचे रुमाल फडफडत होते. कोट तिनं हातात घेतला. बाहेरून कोरडा. सवयीनं तिनं आत हात घातला, आणि आतलं अस्तर ओलं लागलं. रात्रभराचं दव पिऊन ते गारढोण, जड झालं होतं. बाहेरच्या कापडाला त्याचा पत्ताही नव्हता.

मावशी कोट हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिनं हळूच मान वर केली. तिचे रुमाल फडफडत होते, पलीकडची झाडं हलत होती, आणि मैदानावरची तिची बाही खांबाला चिकटून खाली लोंबत होती, अगदी मेल्यासारखी.

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरगी खरं बोलत होती. त्या खांबावर खोटं बोलत होती ती मावशीची बाही, पस्तीस वर्षांतली सगळ्यात देखणी शिवण. ऊन चढलं की अस्तर वाळायचं आणि कॅप्टन यायच्या आत बाही शहाण्यासारखी उभी राहायची. नवऱ्याला सांगितलं तर तो बायकोच्या काळजीनं म्हणाला, कुणाला कळलंय? मिस्त्रीला सांगून बाही उतरवून घे, गुपचूप अस्तर उसव आणि परत लाव. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मावशीनं चहाचा अख्खा पेला संपेपर्यंत त्यावर विचारही केला. दुहेरीमावशीच्या कामात खोट निघाली, हे वाक्य तिनं मनातल्या मनात चारदा म्हणून पाहिलं आणि चारही वेळा ते अर्ध्यावरच सोडून दिलं. पण मग तिला केसांत कोबीचं पान घेऊन उभी असलेली ती पोरगी दिसली. सगळे तिच्याकडे बघत होते आणि तिचं खरं कुणालाच पटत नव्हतं. मावशीनं पेला ठेवला आणि उठली.

कॅप्टनच्या कचेरीत ती पोचली तेव्हा दहा वाजत आले होते. औषधवालीही तिथंच होती, आपल्या वह्या-नकाशे परत करायला आलेली. मावशीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. कॅप्टननं शांतपणे ऐकलं, खिडकीतून वर पाहिलं, आणि हसला. बाही ताठ उभी होती. त्यानं मावशीला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला की तुमचं मन मोठं आहे, मुलीला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय, पण तुमच्या कामात खोट नसते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एरवी हे वाक्य तिनं आठवडाभर मिरवलं असतं. त्या दिवशी ते तिला झोंबलं. चांगल्या नावाची अशी अडचण होईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपण चुकलोय हे ती जीव तोडून सांगतेय आणि समोरचा माणूस ते कौतुकानं नाकारतोय. ती उठून उभी राहिली.

"कॅप्टनसाहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. बाही खाली उतरवा आणि मला एक वाटीभर पाणी द्या."

तिच्या आवाजात असं काही होतं की मिस्त्री कॅप्टनला न विचारताच दोरी सोडायला धावला. बाही खाली आली. मावशीनं ती गवतावर उलटी केली. इस्त्री करण्याआधी कापडावर बोटांनी पाणी शिंपडतात ना, तसं तिनं शिंपडलं. एक थेंब जास्त नाही. सकाळी कोटाला जेवढी ओल लागली होती तेवढीच. पस्तीस वर्षं कापड हाताळलेल्या बोटांना ती बरोबर आठवत होती. आपल्या सगळ्यात सुंदर कामाला ती आपल्याच हातानं बदनाम करत होती, पण हात थांबले नाहीत. मग बाही सुलट केली. बाहेरून कोरडी ठणठणीत. जुनी फाटकी बाही शेडमध्येच पडली होती. ती मिस्त्रीनं एका लांब बांबूला बांधून शेजारी उभी केली.

दोन्ही बाह्या वर गेल्या. वारा तोच. फाटकी चिंधी आडवी होऊन झेंड्यासारखी फडफडायला लागली, आणि दुहेरी शिवणीची, दुमडलेल्या कडांची, अस्तराची बाही खांबाशी लोंबत राहिली. एकदा तिनं टोक जरा उचललं, मावशीच्या मनात नको तिथं आशा उमटली, आणि टोक पुन्हा खाली पडलं.

कॅप्टननं डोक्यावरची टोपी काढली. मग तो औषधवालीकडे वळला आणि म्हणाला, "मी तुला खोटं ठरवलं. माझं चुकलं."

मुलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. दोन्ही एकदम चालू. मावशी मान खाली घालून उभी होती, आता ही आपल्याला काय बोलेल ते ऐकून घ्यायची तयारी करून. पोरगी आली आणि तिनं मावशीच्या गळ्यात हात टाकले. म्हणाली की मी कालपासून स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेत होते, मला वेड लागलंय असं वाटायला लागलं होतं, तुम्ही मला माझे डोळे परत दिलेत. आता मात्र मावशीचाही बांध फुटला. मग मिस्त्रीनं हळूच विचारलं की या अस्तराला खिसा नाही का लावला, आणि सगळेच खो खो हसत सुटले. सर्वांत मोठ्यानं मावशी.

कॅप्टननं तिथंच, गवतावर, मिस्त्रीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली.

त्या दुपारी मावशीनं नवी बाही शिवायला घेतली. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं ते. एकेरी टीप. अस्तर नाही. कडा तशाच. प्रत्येक शिवणीच्या शेवटी तिचा हात आपसूक कापड परत फिरवून दुसरी टीप घालायला जायचा आणि ती स्वतःलाच रागे भरायची. नवरा समोर बसून मजा बघत होता. तिच्या डोळ्याला डोळा न देता त्यानं विचारलं की मी अस्तराची पेटी कुलपात ठेवू का. रुंद तोंडाशी, जिथं बाही खांबावरच्या कड्याला बांधतात, तिथं मात्र कॅप्टननं दुहेरी शिवणीची परवानगी दिली होती, कारण तिथं ती खरंच लागते. तेवढ्या वीतभर शिवणीवर मावशीनं आपली सगळी हौस भागवून घेतली.

मुलगी परीक्षा पास झाली. डोंगरापलीकडे रुजू व्हायला जाण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेसातला, ती दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. चला म्हणाली. मावशीनं तीन गिऱ्हाइकांची, गुडघ्यांची आणि रक्तदाबाची कारणं सांगितली. नवऱ्यानं आतून तिची दुसरी चप्पल आणून दिली.

विमानात बसताना मावशीनं डोळे गच्च मिटले, आणि वर गेल्यावर ते उघडले तेव्हा तिला नुसतं बघता बघता रडूच आलं. आपलं घर केवढंसं, दोरीवरचे रुमाल केवढेसे. अंगणात उभं राहून कुणीतरी दोन्ही हात हलवत होतं. कोट उलटा घातला होता, म्हणजे नवराच. पस्तीस वर्षं तिनं या आकाशाकडे खिडकीतून पाहिलं होतं, आता ती आकाशातून त्या खिडकीकडे पाहत होती. आनंद तिच्या छातीत मावेना. भीती कुठं गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. मात्र सीटखाली सहज हात गेला तेव्हा तिथली शिवण उसवलेली लागली, आणि खाली उतरल्यावर हे कव्हर काढून माझ्याकडे द्यायचं, असं तिनं वरच्या वर बजावून टाकलं.

विमान वळलं आणि उतरणीला लागलं. समोर गवताची पट्टी आली, तीच झाडांची रांग आली. मावशीला ती सकाळ आठवली, तो पंख खाली जाताना आठवला, आणि तिनं सीटची कड घट्ट धरली. तेवढ्यात मुलीनं नजर समोरच ठेवून विचारलं.

"मावशी, वारा कसा आहे?"

तिला विचारायची काही गरज नव्हती, तिला दिसत होतं. मावशीलाही ते कळलं. तिनं पुढे वाकून पाहिलं. सकाळचे आठ वाजले होते, गवतावर दव चमकत होतं, आणि खांबावर तिची एकेरी, बिनअस्तराची, उघड्या कडांची बाही ताठ आडवी उभी होती.

"डावीकडून," मावशी म्हणाली. "बराच आहे. सांभाळून घे पोरी."

मुलीनं डावा पंख जरासा खाली घेतला, झाडांची रांग मागे गेली, आणि चाकं गवतावर टेकली.